तांदळाचा डबा

परवा चर्चच्या महिला मंडळात माझ्याकडे बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 33वा अध्याय होता. याकोब आणि एसाव या दोघा भावांची भेट. वीसेक मिनिटं बोलले. शेवटी एका नव्या सुनेनं विचारलं, "मावशी, मग ते दोघं भाऊ पुन्हा एकत्र राहिले का हो?" चहा आला होता, बायका उठायला लागल्या होत्या, मी "नाही" एवढंच म्हणाले. घरी आले, भाकऱ्या थापल्या, तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचं पुरतं उत्तर द्यायचं तर मला माझ्या बहिणीबद्दल सांगावं लागेल. म्हणून आक्काला फोन करून विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही की. खोटं लिहू नको म्हणजे झालं."

आमची आई नर्स. मिरजेला वानलेस साहेबांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली, नोकरी मात्र सगळी कोल्हापुरात. रात्रपाळ्या करून, भिशी लावून तिनं गुजरीतून सोन्याच्या पाटल्यांचे दोन जोड केले. आम्ही शाळेत असल्यापासून सांगायची, एक थोरलीचा, एक धाकटीचा. कुणाला काही वाटू नये म्हणून नाताळला आक्काचा जोड घालायची आणि ईस्टरला माझा. आमच्या लग्नांत तिनं ते दिले नाहीत. "माझ्या माघारी घ्या, तोवर माझे हात बरे दिसू देत," म्हणायची.

2004 साली आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आक्का तेव्हा दाजींच्या नोकरीमुळं रत्नागिरीला, मी इथं शाहूपुरीत कुंभार गल्लीत. साहजिकच आई माझ्याकडं आली. चार वर्षं. ज्यांनी अंथरुणावरचं माणूस सांभाळलंय त्यांना त्या चार वर्षांत काय काय येतं ते सांगायला नको, आणि ज्यांनी सांभाळलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. आक्का दर महिन्याला मनिऑर्डर करायची. मे महिन्यात आणि दिवाळीला आठ-आठ दिवस येऊन राहायची. ती आली की आई अर्ध्या तोंडानं हसायची. वर्षभर तिचं सगळं मी करायचे आणि हसू त्या आठ दिवसांसाठी राखून ठेवलेलं.

लूकच्या 15व्या अध्यायातला थोरला मुलगा मला त्या वर्षांत फार जवळचा वाटायचा. धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप त्याच्यासाठी पुष्ट वासरू कापतो, आणि थोरला शेतावरून येऊन दारातच अडून बसतो. इतकी वर्षं मी तुमची सेवा केली, मला साधं करडू कधी दिलं नाहीत, म्हणतो. उपासनेत हा भाग वाचला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मी वयानं धाकटी, पण त्या गोष्टीत थोरली मीच, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. आपण गोष्टीत कुठल्या जागी बसतो ते आपणच ठरवतो, आणि चुकीच्या जागी बसून माणूस वर्षानुवर्षं खरी आसवं गाळू शकतो. मी गाळली.

2008 च्या फेब्रुवारीत आई गेली. मातीच्या तिसऱ्या दिवशी घरात प्रार्थना झाली, पाहुणे पांगले, आणि आक्कानं सहज विचारलं, "पाटल्या कपाटातच आहेत न्हवं?"

मी म्हणाले, "मोडल्या. औषधपाण्याला मोडल्या."

मी आधी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. दाजी बाजूलाच बसले होते, त्यांनी विचारलं, "दोन्ही जोड? पावती असेल ना सराफाची?" वेड्यावाकड्या सुरात नाही, त्यांच्या नेहमीच्या हिशेबी सुरात. आणि मी उसळले. "चार वर्षं हगणं-मुतणं मी काढलं आणि तुम्ही पावत्या मागायला आलाय होय?" त्यानंतर जे बोलले ते इथं लिहवत नाही. आक्का उठली, आईच्या फोटोसमोर क्षणभर उभी राहिली, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेली.

पाटल्या माझ्या तांदळाच्या डब्यात होत्या. आई हॉस्पिटलात असताना चोरीच्या भीतीनं मीच कपाटातून काढून तिथं ठेवलेल्या. तिच्या निळ्या काठाच्या रुमालात गुंडाळून, तळाशी. आता त्या तिथंच राहिल्या. दरवर्षी नवा तांदूळ भरताना मी तो रुमाल काढायची, बाजूला ठेवायची, तांदळाला बोरिक पावडर चोळायची आणि रुमाल परत तळाशी सरकवायची. एकदाही उघडला नाही. आमच्या यांनासुद्धा माहीत नव्हतं.

अशी अकरा वर्षं गेली.

2011 ला दाजी निवृत्त झाले आणि ते दोघं कोल्हापुरात राजारामपुरीत राहायला आले. माझ्या घरापासून दोन-अडीच किलोमीटर. चर्च एकच. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले तेव्हापासूनचा इथल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास आहे, आमच्या आईच्या माहेरच्या चार पिढ्या त्यात वाढल्या. आपण चर्च सोडायचं हे दोघींच्याही मनात आलं नाही. ती डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, मी उजवीकडे मागे. तिच्या लेकीचं लग्न त्याच चर्चमध्ये झालं. मला पत्रिका होती, मी गेले नाही. माझ्या मुलाच्या लग्नात मी पत्रिकाच दिली नाही.

मराठीत प्रभूची प्रार्थना म्हणताना एक ओळ येते. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. ऋण. पाप नाही, अपराध नाही, सरळ देणं. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली ओळ. त्या अकरा वर्षांत मी तिथं आली की गप्प व्हायची. ओठ हलायचे, आवाज निघत नसे. शेजारच्या बाईच्या आवाजात ते खपून जायचं.

सगळ्यात वाईट काय होतं तर लोकांना वाटायचं, मीच दुखावलेली आहे. आईची सेवा केली आणि वर बहिणीनं पावती मागितली. पाळकसाहेब, शेजारणी, नात्यातल्या बायका, सगळ्या मला सांगायच्या, जाऊ दे गं, क्षमा कर तिला. आणि मी मान हलवून म्हणायची, मी केव्हाच केलीय.

मत्तयच्या 5व्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आणि जवळपास सगळी क्षमा करण्यावर होती. पण वचन नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथं नाहीच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे ज्यानं दुखावलंय त्यानं उठून जायचं आहे. वेदीपाशी उभा आहे तो देणेकरी. हे मला कुणी शिकवलं नाही, एका रविवारी वाचता वाचता ते माझ्या अंगावर आलं. त्या दिवशी दानाची थैली पुढं आली तेव्हा मी हात आखडता घेतला. पण उठून डावीकडच्या तिसऱ्या बाकापर्यंत काही गेले नाही.

मग 2019 चा ऑगस्ट आला.

कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पुराचं पाणी यायची सवय आहे, जयंती नाला फुगला की आम्ही खालचं सामान माळ्यावर टाकतो आणि वाट बघतो. त्या वेळी वाट बघायला सवडच मिळाली नाही. पहाटे पाणी उंबऱ्याला होतं, उजाडेपर्यंत गुडघ्याला. बाहेर पोरं ओरडत होती, निघा, निघा. यांनी कागदपत्रांची पिशवी घेतली, औषधं घेतली. मी स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा उचलला.

"अगं, तांदूळ कशाला? वेड लागलं काय?" हे ओरडले. मी ऐकलं नाही. दहा किलोचा पितळी डबा छातीशी धरून मी पाण्यातून चालत होते आणि गल्लीतला एक पोरगा म्हणाला, काकू, द्या इकडं, पडशीला. मी त्यालाही दिला नाही.

कोपऱ्यावर, जिथं पाणी संपत होतं तिथं, आक्का उभी होती. साडी खोचलेली, हातात छत्री, पण छत्री मिटलेली आणि ती पूर्ण भिजलेली. दाजी मागे रिक्षात. ती पाण्यात उतरली आणि सरळ माझ्याकडं आली. अकरा वर्षांत पहिलं वाक्य बोलली ते असं, "तुला न्यायला आलो." आमच्या कोल्हापुरी बायका आलो-गेलोच म्हणतात, आईही म्हणायची. तो शब्द कानावर आला आणि मला वाटलं आईच बोलली.

ती माझ्या गळ्यात पडू शकली नाही. मध्ये डबा होता.

एसाव 400 माणसं घेऊन येतोय हे कळल्यावर याकोब काय करतो, ते बघण्यासारखं आहे. वीस वर्षांपूर्वी आंधळ्या बापाला फसवून त्यानं भावाचा आशीर्वाद लाटलाय. आता तो घाबरलाय. माणसांच्या दोन टोळ्या करतो, एक मारली गेली तर दुसरी वाचेल म्हणून. मग पुढं जनावरांचे कळप पाठवतो. शेळ्या, मेंढ्या, दुभत्या उंटिणी, गाई, गाढवं. उंटिणींची पिल्लं सोडून मी एकदा बेरीज केली, 550 भरतात. कळपाकळपात अंतर ठेवायला सांगतो, म्हणजे एसावाचा राग हप्त्याहप्त्यानं उतरेल. यात पश्चात्तापापेक्षा भीती जास्त आहे. मला याबद्दल याकोबाचा राग येत नाही. चूक केलेला माणूस पहिल्यांदा भीतीनंच हलतो. आणि एवढं सगळं मांडून झाल्यावर एसाव काय करतो, तर धावत येतो आणि गळ्यात पडून रडतो. कळपांकडं त्याचं लक्षही नाही.

आम्ही आक्काकडं आठ दिवस होतो. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली, भाजीच्या गाड्या बंद, दूध मिळेना, पेट्रोलला रांगा. पाणी उपसणारी पंपगृहंच बुडाल्यामुळं शहरभर पुराचं पाणी आणि नळाला थेंब नाही. आक्कानं पहिल्या दिवशी मसुराची आमटी आणि भात केला. दुसऱ्या दिवशीही तेच, घरात दुसरं काही नव्हतं. आईची पद्धत, मसूर अख्खा, कांदा-खोबरं भाजून वाटलेलं, वर कोल्हापुरी चटणीचा लाल तवंग. मी दोन वेळा भात मागून घेतला. जेवता जेवता आठवलं, एसावानं मसुरीच्या वरणापायी याकोबाला थोरलेपण विकलं होतं. तो भुकेला होता आणि धाकट्यानं भुकेची किंमत वसूल केली. इथं भुकेली धाकटी होती, वाढणारी थोरली होती आणि ती काहीच मागत नव्हती. घास गिळवेना.

तिसऱ्या दिवशी तिचा तांदूळ संपला. मी आत केस पुसत होते. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "तुझ्या डब्यातला घेतो गं दोन मापं."

मी स्वतःहून कबूल केलं असं लिहिता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी धावत गेले. झाकण ओलाव्यानं घट्ट बसलं होतं, ती चमच्याच्या दांड्यानं उचकटत होती. मी डब्यावर हात ठेवला. "आक्का, थांब. मी काढतो."

कोपरापर्यंत हात घातला आणि रुमाल वर काढला. तिच्यासमोर ओट्यावर ठेवला. बोलायचं होतं ते काहीच बोलता आलं नाही, नुसतं "आईच्या" एवढंच.

गॅसवर फोडणी होती. ती आधी गॅस बंद करायला वळली. हात पदराला पुसले. मग रुमालाची गाठ सोडली. अकरा वर्षांचं तांदळाचं पीठ पाटल्यांच्या नक्षीत बसलं होतं, सोनं पांढुरकं दिसत होतं. आक्कानं हातातल्या बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि एकेका फुलातून ते पीठ उकरायला लागली. एक पाटली. दुसरी. मी तिच्या बोटांकडं बघत उभी. चारही पाटल्या साफ होईपर्यंत ती बोलली नाही.

"मला माहीत होतं," शेवटी म्हणाली. "खरंच मोडल्या असत्यास तर रडत सांगितलं असतंस. तू भांडत सांगितलंस."

मी म्हणाले, चारही तू घे. ती म्हणाली, नको, मला काय कमी आहे? मी हट्ट धरला. तिनं एक जोड माझ्याकडं सरकवला. "हा तुझा. आईनं दिलेला. तू काय केलंस चार वर्षं ते मला दिसलं नाही व्हय? मी पैसे पाठवून मोकळी व्हायचो. मलाबी ते कळत होतं." दुसरा जोड तिनं हातात चढवला. तिचे हात आईपेक्षा जाड, पाटली मनगटाच्या हाडावर अडली, साबण लावून घालावी लागली.

याकोबही असाच हट्ट धरतो, एसावानं ते कळप भेट म्हणून घ्यावेत असा. एसाव म्हणतो, भावा, माझ्याजवळ पुष्कळ आहे, तुझं तुलाच असू दे. याकोब ऐकत नाही. आमच्या एका पाळकसाहेबांनी मागं सांगितलं होतं, त्या जागी याकोबाच्या तोंडी जो इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द आहे तो बराखा. म्हणजे आशीर्वाद. 27व्या अध्यायात त्यानं चोरला तोच शब्द. तो भावाला म्हणतोय, माझा आशीर्वाद घे. तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं. आक्काच्या मनगटावर साबणाचा फेस बघताना ते मला कळलं. ज्याचं घेतलं त्याच्या हातात ते परत जाईपर्यंत तोंडची माफी म्हणजे नुसती वाफ.

त्या रात्री मी यांनाही सगळं सांगितलं. ते जेवले नाहीत.

आणि सहाव्या दिवशी आक्का फुटली. कपडे वाळत घालताना, काही निमित्त नसताना. "माझ्या पोरीच्या लग्नात मावशी नव्हती. सगळे विचारत होते, मावशी कुठाय. मी सांगितलं आजारी आहे. देवाच्या दारात खोटं बोललो तुझ्यामुळं." पाटल्या देता आल्या, हे कुठून देणार होते मी? तिच्या हातातलं ओलं चादरीचं टोक धरलं आणि दोघींनी मिळून पिळलं. तेवढंच.

तर त्या सुनेच्या प्रश्नाचं उत्तर. रडून झाल्यावर एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, मुलं लहान आहेत, गुरं दमतील, तू हो पुढं, मी सावकाश तुझ्या मुलखात, सेईरला येतो. आणि तो सेईरला जातच नाही. सुक्कोथला जाऊन घर बांधतो. प्रवचनात हा भाग बहुतेक गाळतात, कारण तो गोड नाही. पण 35व्या अध्यायाच्या शेवटी बाप इसहाक 180 वर्षांचा होऊन मरतो तेव्हा त्याला मूठमाती द्यायला एसाव आणि याकोब दोघंही आहेत. वेगळे राहिले, पण बापाच्या मातीला एकत्र उभे राहिले. मला ती समेट खरी वाटते.

आमचंही तसंच आहे. आम्ही एकत्र राहात नाही, रोज बोलतही नाही. रविवारी दुपारी फोन असतो. काही विषय दोघी टाळतो. दाजी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात आणि त्यात त्यांची चूक नाही, पावती मागितली त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली, ते "बरं" म्हणाले. चर्चमध्ये आजही ती डावीकडं बसते, मी उजवीकडं. प्रार्थनेतली ती ओळ मात्र आता आवाज काढून म्हणते.

एखाद्या रविवारी तिचा फोन आला नाही की माझ्या पोटात गोळा येतो. याकोबाचा मुलगा योसेफ, त्याच्या भावांचं असंच झालं होतं. त्यांनी त्याला लहानपणी विकून टाकलं होतं. त्यानं त्यांना गळ्याशी धरलं, मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये वसवलं, 17 वर्षं पोसलं. तरी याकोब वारल्यावर त्यांना वाटलं, आता हा सूड घेणार. त्यांनी निरोप पाठवला, बाप मरताना सांगून गेलाय, आम्हाला क्षमा कर. तो निरोप ऐकून योसेफ रडला. 17 वर्षं झाली तरी यांना खरं वाटलं नाही, म्हणून रडला असेल. हे मी आक्काला एकदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तू कशाला भितीस? रविवारी माझी टाकी भरायची असते, म्हणून उशीर होतो."

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. या वेळी ते गल्लीच्या तोंडाशी असतानाच आक्काचा फोन आला. "निघा आत्ताच, अंधार पडायची वाट बघू नका. आणि ऐक, येताना तांदळाचा डबा आण. माझा संपत आलाय."

मी डबा काठोकाठ भरला. या वेळी तो गल्लीतल्या पोराकडं दिला, त्यानं खांद्यावर घेतला.